तेवीस नंबरची कंबर

रविवार, ३ ऑक्टोबर २०१०

हिशेबाच्या वहीची मागची चाळीसेक पानं कोरी आहेत. ती रद्दीत घालण्यापेक्षा त्यांवर लिहावं. कारण आजपासून मी, रस्मिया, मुअताजची आई म्हणून उम्म मुअताज, इरबिदच्या मोठ्या इस्पितळातल्या एका समितीची सभासद आहे. हसू येतं, पण खरं आहे.

वरच्या मजल्यावरची रुबा फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेते, ती दुपारी आली. म्हणाली, "खाला, इंग्रजांची एक प्रश्नावली आहे. कंबर दुखणाऱ्याला रोजच्या कामात किती अडतं ते मोजायची. ती आम्ही अरबीत आणतोय. डॉक्टर आहेत, भाषेचे उस्ताद आहेत. एक साधी बाई हवीय. वाचता येणारी, पण डॉक्टर नसलेली."

"साधी म्हणजे?"

"म्हणजे... सामान्य."

"सामान्य बाई शोधायला जिना उतरून आलीस? चौऱ्याहत्तर साली मॅट्रिकला सगळ्या तालुक्यात दुसरी आले होते मी."

"म्हणूनच तर," म्हणाली. जीभ बरी चालते पोरीची.

दुखणं मोजायचं! अल्लाहनं दिलेलं दुखणं म्हणजे काय मसूर आहे, तागडीत घालायला? सोसावं, अल्हमदुलिल्लाह म्हणावं, कामाला लागावं. पण मी हो म्हटलं. घरात आहे तरी कोण? मुअताज कुवेतला, त्याचा बाप अल्लाहघरी. उरलो मी, सून नुहा आणि दोन वर्षांची नात सिदरा. नुहाचीही कंबर दुखते म्हणे, बाळंतपणापासून. म्हणे. मला चार झाली, आणि प्रत्येक वेळी चाळीस दिवस सरले की एकेचाळिसाव्या दिवशी मी जैतुनाच्या झाडाखाली वाकलेली होते.

बुधवार, ६ ऑक्टोबर

माझी पहिली बैठक. अध्यक्ष डॉक्टर फव्वाज, हाडांचे मोठे डॉक्टर. भाषेचे उस्ताद रिफअत. रुबा. आणि मी.

प्रकार असा आहे. दहा प्रश्न, प्रत्येकाखाली सहा वाक्यं. पहिलं वाक्य म्हणजे काही त्रास नाही, शून्य गुण. सहावं म्हणजे अजिबात होत नाही, पाच गुण. दहांची बेरीज पन्नासपैकी, तिची दुप्पट शंभरापैकी. गुण जितके जास्त तितका माणूस निकामी. नापासाला पैकीच्या पैकी देणारी परीक्षा मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

चालण्याच्या प्रश्नात लिहिलंय, मी एक मैलाहून जास्त चालू शकत नाही.

"मैल कुणी पाहिलाय?" मी विचारलं.

"किलोमीटर करू," उस्ताद म्हणाले.

"किलोमीटर तरी कुणी पाहिलाय? बाईला विचारा, भाजीबाजारात जाऊन थैली घेऊन परत येतेस का. ते तिला कळतं."

"हाज्जा," डॉक्टर फव्वाज म्हणाले, "बाजार प्रत्येकाला वेगवेगळ्या अंतरावर असतो." मी अजून हजला गेलेली नाही. पण पन्नाशीची ओढणीवाली दिसली की यांच्या तोंडी हाज्जा.

"मग कंबर काय सगळ्यांची एकसारखी असते?" मी म्हटलं. शेवटी किलोमीटरच राहिला. शिकलेला माणूस हरत नसतो, फक्त गप्प बसतो.

मग 'माझ्या आवडत्या खुर्चीत'. आवडती खुर्ची! आमची माणसं जन्मभर जमिनीवरच्या गादीवर बसली. खुर्ची पाहुण्यांसाठी, तीही दिवाणखान्यात, चादर घालून.

आठवा प्रश्न आला तेव्हा डॉक्टर मनातल्या मनात वाचू लागले. उस्ताद पंख्याकडे बघायला लागले. रुबाचे कान लाल. प्रश्न नवराबायकोचा होता.

"हा वगळू या," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे कुणी उत्तर देणार नाही."

"नका देऊ म्हणावं. विचारायला काय जातं?" मी म्हटलं. "एवढी लाज आहे तर पोरं काय बाजारातून आणता?"

उस्तादांना ठसका लागला. ठरलं असं की प्रश्न ठेवायचा, ज्याला नको त्यानं कोरा सोडायचा. मी विचारलं, कोरा सोडला तर नऊच प्रश्न उरले, मग पन्नासपैकी कसं धरणार? डॉक्टरांनी रुबाकडे पाहिलं, रुबानं कागदाकडे.

"पंचेचाळीसपैकी धरा आणि शंभरावर आणा," मी म्हटलं. खोलीत पदव्या इतक्या की भिंतीला पुरणार नाहीत, आणि एवढं सांगायला घर चालवणारी बाई लागली. तेव्हापासून बेरजा तपासायचं काम माझ्याकडे आलं.

सोमवार, ११ ऑक्टोबर

रुबाला प्रश्नावली खऱ्या दुखणाऱ्यांवर तपासायची आहे. वर डॉक्टर फव्वाजांनी जाहीर केलंय की ज्यांना चाळीसच्या वर गुण पडतील त्यांना ते स्वतः तपासणार, आणि त्यांतल्या बारा जणांना तीन महिन्यांचे उपचार. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावं. नुहानं हे ऐकलं तेव्हापासून तिचं एकच, "खाला, मला न्याल का?" म्हटलं चल. लोकांनी असं नको म्हणायला की समितीत सासू बसते आणि सुनेला दार बंद.

रुबा वाचत होती. नुहा मान खाली घालून बसलेली. ती सदा अशीच बसते. मग उत्तरं कुणी द्यायची?

"वजन उचलणं," रुबानं वाचलं.

"सिदराला उचलतेच की ती," मी म्हटलं.

"खाला, मी आधी भिंतीला टेकते, मग..." नुहा म्हणाली.

"उचलतेस की नाही?"

"उचलते."

"लिही, पोरी."

"उम्म मुअताज खाला, उत्तर नुहानं द्यायचं असतं," रुबा म्हणाली.

"मी काय खोटं सांगतेय? एका छपराखाली राहतो आम्ही. परक्या माणसापुढे रडगाणं गायची आमच्या घराला सवय नाही. अल्हमदुलिल्लाह म्हण, नुहा."

"अल्हमदुलिल्लाह," नुहा म्हणाली.

आठव्याला तर मीच हसले. "नवरा कुवेतला बसलाय. त्रास कसला होणार? शून्य घाल."

रुबानं बेरीज केली, कागद पिशवीत टाकला आणि एवढंच म्हणाली, "चाळिसात बसत नाही."

"पाहिलंस?" मी नुहाला म्हटलं. "धडधाकट आहेस." मला वाटलं होतं ऐकून बरं वाटेल तिला. जिन्यात डाव्या पायातली चप्पल निसटली, ती सोडून तशीच वर चढली. मीच उचलून आणली.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

आजकालच्या मुलींना चप्पलसुद्धा पायात ठेवता येत नाही. या महिन्यात तिसऱ्यांदा. अंगणात, जिन्यात, आणि आज भर रस्त्यात, पाववाल्यासमोर. नेहमी डावी. म्हटलं, पाय उचलून चाल जरा, राणीसारखी फरफटत काय चालतेस? परवा काचेचा वाडगा फोडला. म्हणते, उंबरठ्याला अडखळले. उंबरठा चाळीस वर्षं तिथेच आहे.

रबरी पिशवी कंबरेला लावायची म्हणून दिवसातून दोनदा पाणी तापवते. गॅस काय झऱ्यातून येतो?

पण माझ्या जिवाला लागतं ते दुसरंच. आधी संध्याकाळची नमाज आम्ही दोघी शेजारी शेजारी करायचो. रमजानच्या आधीपासून हे बंद आहे. अजान झाली की खोलीत जाते, दार लावते, आणि आत खुर्ची ओढल्याचा आवाज. आरशासमोर बसत असणार. मी विचारत नाही. नमाज ज्याची त्याची आणि जाब ज्याचा त्याला. पण माझ्या मुलाच्या घरात अजानेच्या वेळी आरसा! अल्लाहनं क्षमा करावी.

मशिदीतही आज तेच. बायकांच्या भागात मोजून नऊ खुर्च्या. लग्नात चार तास नाचतात आणि सजद्याची वेळ आली की यांची कंबर धरते. आमची आई नव्वदीत कपाळ जमिनीला टेकवायची. घरी आल्यावर नुहासमोर बोलून दाखवलं मी, की खुर्चीवरची नमाज म्हणजे हपिसात बसून अल्लाहला अर्ज करणं. माझ्या घरात असलं चालायचं नाही. ती भांडी घासत होती.

मुअताजचा फोन आला. "नुहा कशी आहे?" मी म्हटलं, "छान. सगळं छान." फोन नुहाला दिला. तीही म्हणाली, छान.

बुधवार, २० ऑक्टोबर

आज मी जिंकले.

उस्ताद रिफअत प्रस्तावना वाचत होते, ही प्रश्नावली आमच्या लोकांच्या रोजच्या जगण्याशी जुळवून घेतली आहे वगैरे. मी हात वर केला. म्हटलं, "बसणं आहे, उभं राहणं आहे, प्रवास आहे, मित्रमंडळी आहेत. आमचा माणूस दिवसातून पाच वेळा कमरेत वाकतो आणि जमिनीला कपाळ लावतो. त्याचं काय? कंबर आधी कुठे बोलते ते ठाऊक आहे का तुम्हाला? सजद्यातून उठताना."

चार महिने चाललंय यांचं, आणि तिघेही नमाजी.

"मूळ प्रश्नावलीत नाही," डॉक्टर म्हणाले. "अकरा केले तर गुणांची मोडतोड होईल."

"गुणांत नका धरू. वेगळा ठेवा. पण विचारा."

उस्ताद माझ्या बाजूनं झाले. मग सहा वाक्यं कोण लिहिणार? मीच. तिथेच बसून लिहिली. नेहमीसारखी नमाज होते. होते पण दुखतं. सजद्यातून उठायला हाताचा आधार लागतो. वाकणं जमतं, सजदा जमत नाही. खुर्चीवर बसून करते. पडून, डोळ्यांच्या खुणेनं करते. उस्तादांनी एक शब्द बदलला नाही. डॉक्टर म्हणाले, "हाज्जा, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं." मी म्हटलं, "मग मला कुणी विचारलं असतं?"

आता हा नवा कागद सगळ्यांकडून पुन्हा भरून घ्यायचा. जुन्या दहांचे गुण दोन्ही वेळा साधारण सारखे आले तर तराजू खरा. ज्याचे गुण इकडे एक, तिकडे एक, त्याला यादीतून काढायचं. ठीक आहे. दोनदा तोलून वेगळं भरलं तर वाणीही माल बाजूला ठेवतो.

शनिवार, ३० ऑक्टोबर

जैतुनाची तोड. दिराच्या रानात सगळे गेलो. नुहाला म्हटलं चादरीवरचे वेच. ती दहा मिनिटं वाकली, मग झाडाला धरून उभी राहिली ती राहिलीच. थोरली जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "उम्म मुअताज, ही तुझी सून आहे की शहरातून आलेली तपासनीस?" सगळ्या हसल्या. मलाही हसावं लागलं. येताना गाडीत नुहा मागच्या बाकावर आडवी झाली. सिदरा माझ्या मांडीवर. इतकी लाज मला आजवर कुणी आणली नव्हती.

बुधवार, ३ नोव्हेंबर

दुपारी मी उम्म हाबिसकडे सांत्वनाला गेले होते. परत आले तर रुबा नुहाला वर बोलावून तिचा नवा कागद भरून घेऊन गेलेली. मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"वाचलं आणि खुणा केल्या, खाला."

"शेवटचा प्रश्न पाहिलास? माझा आहे तो."

"पाहिला," म्हणाली. "चांगला आहे."

चला, घरात एकदा तरी कौतुक झालं.

बुधवार, १० नोव्हेंबर

तीस जणांचे कागद जमले. रुबानं गुण वाचून दाखवले. छत्तीस आणि चौतीस. बावन्न आणि छप्पन्न. सगळे आसपास. फक्त तेवीस नंबर, कागदांवर नाव नसतं, नंबर असतो, पहिल्या वेळी बारा आणि दुसऱ्या वेळी अठ्ठावन्न.

"हे काय?" डॉक्टर फव्वाज चिडले. "तीन आठवड्यांत कंबर अशी कोसळत नाही. निष्काळजीपणानं भरलंय. काढून टाका."

"मग तिला तपासणीला नाही बोलवायचं?" रुबा हळूच म्हणाली. "दुसऱ्या वेळी अठ्ठावन्न आहेत, डॉक्टर."

"दोन्ही वेळी चाळीसच्या वर हवेत. नियम म्हणजे नियम."

मी म्हटलं, "बाई दोनांतल्या एका वेळी खोटं बोललीय, हे तर उघड आहे. बारा जागांची बातमी ऐकली असेल आणि कंबर वाकडी केली असेल. असल्या बायका मी ओळखते." रुबानं माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, हाज्जा, सगळ्या बेरजा एकदा घरी तपासा, मग रविवारी नावं कायम करू. गठ्ठा घेऊन आले. रुबा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "खाला, तेवीस नंबरचे दोन्ही कागद नीट बघा." बेरजेत मी चुकत नसते, हे तिला एव्हाना कळायला हवं.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

तेवीस नंबर. पहिला कागद रुबाच्या अक्षरात, सहा गुण, पन्नासपैकी, म्हणजे बारा. बरोबर. दुसऱ्यात आठवा प्रश्न कोरा, सव्वीस, पंचेचाळीसपैकी, म्हणजे अठ्ठावन्न. बरोबर.

दुसऱ्या कागदावर खुणांशेजारी बारीक अक्षरात काही काही लिहिलंय. ते अक्षर माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर आहे.

झोप, दोन तासांहून कमी. उभं राहणं, दहा मिनिटांहून जास्त नाही. उचलणं, शेजारी लिहिलंय, फक्त मुलीला, कारण ती रडते.

अकराव्यात पाचव्या वाक्यावर खूण. खुर्चीवर बसून करते. शेजारी लिहिलंय, दार लावून. घरात चालत नाही.

दुपारच्या अजानेला मी तिच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आत खुर्ची ओढली गेली. मग तिचा आवाज आला. नमाजेतली फातिहा म्हणत होती, हळूहळू, मधे श्वास घेत.

माझी नमाज आज उशिरा झाली.

शनिवार, १३ नोव्हेंबर

दोन दिवस काही लिहिलं नाही. काय लिहिणार, की मॅट्रिकला दुसरी आलेल्या बाईला चार महिने निसटणारी चप्पल दिसली पण पाय दिसला नाही?

आज नुहाला म्हटलं, "बाहेर येऊन कर नमाज. खुर्ची इकडे घेऊन ये." तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिच्या कपाटाचं कुलूप फोडलं. म्हणाली, "तुम्हाला रुबानं सांगितलं?"

"नाही. मी वाचलं."

"त्यावर नाव नव्हतं, खाला."

"अक्षर होतं."

ती आत गेली. दार लावलं. या वेळी कडीसुद्धा.

रविवार, १४ नोव्हेंबर

समितीत काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, गोड करत नाही.

डॉक्टर फव्वाज यादी वाचत आले. बावीस, कायम. तेवीस, काट.

"तेवीसचा पहिला कागद खोटा आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर काढतोय."

"तो मी भरला."

उस्ताद रिफअतांनी चष्मा काढला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कशा, हाज्जा? तुमचा कागद कसा असेल?"

"सून आहे माझी. तोंड तिचं, उत्तरं माझी. रुबा वाचत होती, मी सांगत होते, ती मान हलवत होती. शून्य, एक, शून्य. अल्हमदुलिल्लाहसुद्धा मीच म्हणायला लावलं."

मग डॉक्टरांनी, मोठ्या पदवीच्या माणसानं, काय विचारावं? "असं होतं का आपल्याकडे?" तोंडात बोटं घालायची वेळ. चाळीस वर्षांचा माणूस, याची स्वतःची बायको दवाखान्यात जाते तेव्हा उत्तरं कोण देतं? हाच देत असणार. रुबानं वही उघडली. तिनं तेव्हाच प्रत्येक नंबरापुढे टिपून ठेवलं होतं, उत्तरं कुणी दिली. तेवीस नंबर सोडून आणखी अकरा जणींच्या वतीनं नवरा, सासू नाहीतर भाऊ बोललेला. मग त्यांचे गुण दोन्ही वेळा सारखे कसे? कारण दोन्ही वेळा बोलणारा तोच होता. वा रे तराजू!

"त्या अकराही जणींना पुन्हा, एकेकटीला विचारा," मी म्हटलं. "आणि तेवीस नंबरला उद्याच्या उद्या तपासा. तिचा डावा पाय उचलला जात नाही."

"किती दिवस?"

मला चपलेच्या तारखा आठवत होत्या, पायाच्या नाही.

सोमवार, १५ नोव्हेंबर

अरफातचा दिवस, मी रोजा धरला होता. उद्या ईद. इस्पितळ अर्धं रिकामं, पण डॉक्टर आले. आले तेवढं बरं केलं.

दारातच नुहा वळली. "खाला, तुम्ही बाहेर थांबा."

"मी काही बोलणार नाही."

"तुम्ही काल समितीत बोललात. सगळ्यांसमोर. माझा पाय, माझा कागद, सगळं. मला विचारलंत का? पहिल्यांदाही माझ्या वतीनं तुम्हीच बोललात, आणि दुसऱ्यांदाही तुम्हीच."

तीन वर्षांत एवढी वाक्यं तिनं माझ्याशी सलग बोललेली नाहीत. मला वाटलं होतं, मी तिच्यासाठी मान खाली घालून आले, निदान पाणी तरी विचारील. रोजा होता ते सोडा. पण तिचं चुकलं कुठे ते शोधत मी बाकावर बसले, आणि सापडलं नाही. हे मला फार लागलं.

दार पातळ होतं. डॉक्टरांनी तिला टाचांवर चालायला सांगितलं. डावा पाय पट्कन आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा.

"चप्पल कधीपासून निसटते?"

"जुलैपासून."

"आधी का नाही आलात?"

आता माझं नाव येणार.

"आले होते," नुहा म्हणाली. "बारा गुण पडले."

पाठीतली चकती सरकून नस चेपलीय. ईद झाली की लगेच ऑपरेशन. पाऊल पूर्ण उठेल का, तर डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, सांगता येत नाही. मुअताजला फोन नुहानं स्वतः केला, तिथेच, व्हरांड्यात उभं राहून. त्याला सगळं सांगितलं. एकदाही छान म्हणाली नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. तिची आई पलंगाशी बसली होती, मी सिदराला घेऊन बाहेर. आज सकाळी डॉक्टरांनी नुहाला अंगठा वर करायला सांगितला. हलला. पाऊल नाही, नुसता अंगठा, तांदळाच्या दाण्याएवढा. तिची आई रडायला लागली. थोरली जाऊ भेटायला आली होती, खजूर घेऊन, म्हणाली, "हल्लीच्या मुलींच्या कमराच कागदाच्या." मी म्हटलं, "उम्म सालिम, खजूर ठेव आणि जिना उतर." ती अजून जिन्यात बोलत असेल.

शनिवार, ४ डिसेंबर

नुहा घरी. पाऊल बोटभर उठतं. पट्टा बांधून चालायचं, सहा महिने. बारा जणांच्या उपचारवर्गात तिचं नाव घातलंय, खरे गुण पाहून. माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी द्या. सिदराला घ्या. आधी ती हे मागायची नाही, स्वतः उठायची. मला तेव्हा तेच आवडायचं.

संध्याकाळी तिनं दिवाणखान्यातली चादरीची खुर्ची ओढत आणली, मी नमाजेला उभी होते तिथून हातभर अंतरावर ठेवली आणि बसली. मी काही बोलले नाही. शिकतेय. हळूहळू चाललंय, पण मॅट्रिकसुद्धा मला दोन वर्षं अभ्यास करून मिळालं होतं.

बुधवार, ८ डिसेंबर

त्या अकराजणींना पुन्हा, एकेकटीला विचारलं. सात जणींचे गुण दुप्पट झाले. डॉक्टर फव्वाज जणू हा शोध त्यांनीच लावला अशा थाटात सांगत होते. आता प्रश्नावलीच्या माथ्यावर एक सूचना छापायची आहे, आणि तिची वाक्यरचना तपासायला कागद माझ्याकडेच पाठवलाय. बरी निवडली त्यांनी माणसं.

सूचना अशी. 'प्रश्नावली भरताना नातेवाइकांनी कृपया खोलीबाहेर थांबावे.'

मी ती मोठ्यानं वाचली. नुहा गादीवर पडून पायाचा व्यायाम करत होती. म्हणाली, "खाला, यानं कुणी उठणार नाही."

"का? स्वच्छ लिहिलंय."

"नातेवाईक म्हटलं की प्रत्येकीला वाटेल, ते दुसरं कुणी. तुम्ही उठला असतात का?"

मी विचार केला. नसते उठले. मी म्हटलं असतं, मी काय नातेवाईक आहे? मी तिची सासू आहे.

म्हणून पेन घेतलं, 'नातेवाइकांनी' खोडलं आणि वर लिहिलं, 'सासूने'. मग विचार करून पुढे 'नवऱ्याने' घातलं, आणि 'कृपया' काढून टाकलं. उस्ताद म्हणतील, शास्त्रीय कागदावर असं बरं दिसत नाही. डॉक्टर म्हणतील, लोकांना राग येईल.

नुहानं हात पुढे केला. कागद वाचला. "सासू पहिली आलीय," ती म्हणाली.

"पहिलीच राहू दे," मी म्हटलं.